कान, चिमटा आणि एक निळा मोजा

लोकांच्या मनात काय चाललंय, हे मला त्यांच्या आधी कळतं!

ही बढाई नाही. बढाईला पुरावा लागत नाही, आणि माझ्याकडे तर रंगीत आलेख आहेत.

मी बाजार-संशोधनाच्या कंपनीत आहे. लोकांना अमुकच साबण का आवडतो, हे शोधून साबणवाल्याला सांगायचं, असा आमचा धंदा. पूर्वी त्यासाठी दारोदार फिरून विचारत. पण माणूस विचारल्यावर खोटं बोलतो. ‘दिवसातून किती वेळा दात घासता?’ असं विचारलं की अख्खं जग दोनदा घासतं! मग दातांचे डॉक्टर एवढ्या मोठ्या गाड्या घेतात कुठून?

सोशल मीडियावर मात्र माणूस न विचारता बोलतो. खरं तर तिथे त्याला गप्प बसवणं अवघड. हे लक्षात घेऊन मी एक यंत्रणा तयार केली आणि तिचं नाव ठेवलं ‘कान’. लोकांनी उघडपणे लिहिलेल्या लाखो पोस्ट हा कान वाचतो. कोण खूश आहे, कोण पिसाळलंय, कोण कुणाचं बघून तसंच करतंय, ते टक्क्यांत सांगतो. फोटो उघडायला फार वेळ लागतो म्हणून फोटो बघणं मी बंद करून टाकलं होतं. फक्त शब्द! त्यामुळे कान असा सुसाट पळायचा, की आमच्या मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठून म्हणाल्या, “याला म्हणतात इनोव्हेशन!” मॅडम पूर्ण उठल्या असं आमच्या ऑफिसात अजून कुणी पाहिलेलं नाही. अर्ध्या म्हणजे पुष्कळच.

घरी येऊन आईला सांगितलं, “आई, मी आता एकाच वेळी लाखो लोकांचं ऐकतो!”

आई म्हणाली, “बरं. गादीवरचा ओला टॉवेल उचल.”

मला ऐकू आलं नाही. मी लाखो लोकांचं ऐकत होतो.

आता माझ्या दुखऱ्या नसेबद्दल. आमच्या कंपनीत नोकरी कायम होईपर्यंत फोटोचं कार्ड मिळत नाही. तोवर गळ्यात एक पांढरं कार्ड अडकवायचं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं ‘पाहुणा’. खालचा रखवालदार मला रोज विचारायचा, “कुणाला भेटायचंय?” मी रोज सांगायचो, “कुणाला नाही, कामाला आलोय.” तो रोज म्हणायचा, “पाहुण्यांना काम कशाला सांगतात हे लोक!” आणि वहीत माझं नाव लिहून घ्यायचा. कँटीनमध्ये मला पहिला चहा मिळायचा, पाहुणा म्हणून. पण बिस्किटं कुठे ठेवतात ते कुणी सांगायचं नाही, तेही पाहुणा म्हणूनच!

त्यातच कार्डाच्या नाडीचा हूक तुटला. आई म्हणाली, “थांब, कपड्यांचा चिमटा लावून देते. छान बसेल.”

“आई, ते ऑफिस आहे! दोरीवरचं धुणं नाही!” असं म्हणून मी कार्ड खिशात कोंबलं आणि तरातरा निघालो. पुढच्या गोष्टीत हा चिमटा लक्षात ठेवा. मी ठेवला नव्हता.

अशात आमच्याकडे चिमटेवाले साहेब आले.

हे साहेब कपड्यांचे चिमटे बनवतात. आजोबांनी कारखाना काढला, वडिलांनी वाढवला आणि यांच्या हातात आला तेव्हा लोकांनी कपडे वाळवायची यंत्रं घेतली! साहेबांनी खिशातून एक चिमटा काढून टेबलावर असा ठेवला, की मला वाटलं दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळायची आहे.

“ही स्प्रिंग दाबून बघा,” ते मला म्हणाले.

मी दाबली.

“काय वाटलं?”

“चिमटा आहे असं वाटलं.”

“हेच!” त्यांचे डोळे भरून आले. “जगात आता कुठली वस्तू हातात घेतल्यावर ती वस्तूच आहे असं वाटतं? पण माझे दोन्ही काका कारखाना विकायला निघालेत. चिमट्याला लोकांच्या घरात अजून जागा आहे, असं नियमात बसणाऱ्या संशोधनाने दाखवा. नाहीतर चिमटा संपला!”

मॅडमनी मला बाजूला घेतलं. “हे काम झालं की तू कायम!” त्यांनी पर्समधून एक नवं कोरं कार्ड काढून दाखवलं. त्यावर माझा फोटो होता! मी हात पुढे केला, तर त्यांनी कार्ड पर्समध्ये टाकून चेन लावली. चेनचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मी कान चालू केला आणि काय सांगू! आलेख उंदीर दिसलेल्या मांजरासारखा ताठ उभा! लोक चिमट्यांबद्दल वेड्यासारखं लिहीत होते. पण कपड्यांचं नावच नाही! कुणी फोडलेली बिस्किटांची पाकिटं चिमट्याने मिटत होतं, कुणी टूथपेस्टची शेपटी गुंडाळून बांधत होतं. कुणी पुस्तकात खूण म्हणून लावत होतं, कुणी चार्जरच्या वायरी टेबलाच्या कडेला टांगत होतं. एका आजोबांनी तर घोरण्यावर उपाय म्हणून स्वतःच्या नाकाला लावून बघितला होता. त्यांची पुढची पोस्ट ‘बर्फ किती वेळ धरावा’ अशी होती.

कोण कुणाचं बघून हे करतंय, त्याचा नकाशा काढला. शेकडो रेषा, आणि सगळ्या जाऊन मिळत होत्या एकाच खात्याला. नाव ‘पिवळं फूल’. बस्स. दुसरा काही पत्ता नाही. पिवळं फूल सकाळी एक युक्ती लिहायचं आणि दुपारपर्यंत हजार घरांत ती झालेली असायची!

मी बैठकीत पडद्यावर नकाशा दाखवला. साहेब उठून पडद्याजवळ गेले आणि मधल्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, “मला या फुलाला भेटायचंय.”

मॅडम म्हणाल्या, “भेटता येणार नाही. बघता येईल!”

हा आमच्या धंद्यातला एक प्रकार. एका खोलीत सहा-सात ग्राहकांना बसवून गप्पा मारायच्या. भिंतीला मोठा आरसा असतो. आतल्यांना तो आरसा दिसतो, पण पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत बसलेल्या आम्हाला ती खिडकी असते. कुणीतरी आपल्याला बघतंय हे आत बसलेल्यांना आधीच सांगितलेलं असतं, पण चहा आला की ते विसरतात. आतल्या माणसांची नावं आम्हाला कळू देत नाहीत, आणि काम कुठल्या कंपनीचं ते त्यांना. एक बाई फोन करून माणसं जमवते आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारते, ‘तुमच्या घरात कुणी बाजार-संशोधनात काम करतं का?’ उत्तर ‘हो’ आलं की नमस्कार, फोन बंद! कारण अशा घरातली माणसं शिकवलेलं बोलतात.

“असा एक जरी माणूस आत आला ना,” मॅडम साहेबांना म्हणाल्या, “तर अख्खं संशोधन कचऱ्यात! शंभर टक्के!”

“काका त्याच कचऱ्याची वाट बघतायत,” साहेब म्हणाले.

त्या दिवशी सकाळी मी कानातल्या हेडफोनवर माझंच भाषण ऐकत तयार होत होतो. आई ठेवणीतले कपडे घालून समोर आली. तिचे ओठ हलत होते. मी हेडफोन थोडा सरकवला.

“... म्हणून जाणार आहे. जाऊ ना? तुझी काही अडचण नाही ना?”

“हो हो,” मी म्हणालो. ‘हो हो’ हे उत्तर आईच्या सत्तर टक्के प्रश्नांना चालतं. हे मी मोजलेलं आहे.

“आणि मोजे जोडीने—”

हेडफोन परत जागेवर गेला होता.

गप्पांची जागा भाड्याची होती. मालकाने नुकताच पांढरा गालिचा टाकलेला, त्यामुळे सगळ्यांना दाराबाहेर बूट काढायला लावत होता. आरशामागच्या खोलीत साहेब, मॅडम आणि मी लॅपटॉप घेऊन बसलो. आतल्या माइकवरून सगळं आमच्या स्पीकरवर ऐकू येत होतं. गप्पा घडवून आणणाऱ्या ताई आत तयार होत्या. एकेक बाई येऊन बसत होती. एक शिक्षिका, एक नर्स, एक केक विकणाऱ्या बाई.

“आणि या आपल्या पिवळं फूल!” ताई म्हणाल्या.

दारातून माझी आई आत आली.

मला आधी वाटलं, आई डबा द्यायला आली. मग आठवलं, डबा माझ्या पिशवीत आहे. आई सरळ आरशासमोर आली, म्हणजे माझ्या नाकासमोर! तिने केस सारखे केले, दातात काही अडकलंय का ते बघितलं आणि माझ्याकडे बघून हसली. मी सवयीने म्हणालो, “हो हो.”

“काय?” मॅडमनी विचारलं.

“हो हो, हेच ते फूल!” मी म्हणालो. घाम कपाळावर यायच्या आधी पाठीवरून पाटासारखा वाहत सुटला होता.

माझ्या आईचं एवढं मोठं खातं आहे आणि मला माहीत नाही? मग हळूहळू आठवलं. मागे कधीतरी तिने विचारलं होतं, “अरे, फोटोच्या जागी फूल कसं लावतात?” मी म्हणालो होतो, “एक मिनिट.” ते मिनिट अजून चालू होतं. फोनवर रोज सकाळी तिचं काही ना काही यायचं, म्हणून मी तिचा आवाजही बंद करून ठेवला होता. लाखोंचं ऐकायचं तर कुणाचं तरी बंद करावंच लागतं ना!

आत ताईंनी विचारलं, “तुम्हाला हे चिमट्याचं सुचलं कसं?”

“सुचतंय कसलं!” आई म्हणाली. “घरात एक मुलगा आहे.”

बाकीच्या बायका एवढ्यावरच हसू लागल्या. त्यांना तो ठाऊक असावा.

“बिस्किटाचा पुडा फोडतो आणि तसाच टाकतो. लावला चिमटा! पेस्ट मधूनच दाबतो. लावला चिमटा! ओला टॉवेल गादीवर. रोज! मी तो खुर्चीच्या पाठीला चिमट्याने टांगते, तर हा टॉवेल सोडवून परत गादीवर टाकतो. अहो, सोडवायला जास्त मेहनत लागते!”

साहेब गुडघ्यावर थापा मारत हसत होते. “काय गाढव आहे हो! सुंदर!”

“लिही,” मॅडम मला म्हणाल्या. “ग्राहकवर्ग पहिला, आळशी मुलगा.”

मी लिहिलं.

“पुढे लिहा, बिनडोक,” साहेब म्हणाले.

“हा शब्द संशोधनात बसत नाही, सर.”

“आजपासून बसतो,” मॅडम म्हणाल्या. “लिही.”

मी माझ्या हाताने लिहिलं.

पण आईला बाहेर काढायलाच हवं होतं. ती माझी आई आहे हे कळलं, तर संशोधन कचऱ्यात, साहेबांचा कारखाना काकांच्या घशात आणि माझं फोटोचं कार्ड कायमचं पर्समध्ये! “पाणी पिऊन येतो,” असं म्हणून मी बोळात गेलो आणि आईला फोन लावला.

आई फोन नेहमी स्पीकरवर घेते. कानाला लावला तर कान गरम होतो, असं तिचं मत आहे.

“घ्या ना, काही हरकत नाही,” ताई आत म्हणाल्या. त्या मला बंद दाराआडून ऐकू आल्या.

“आई, ताबडतोब घरी जा!” मी कुजबुजलो. आरशामागच्या खोलीतला स्पीकर गरजला, “आई, ताबडतोब घरी जा!”

“का रे?”

“गॅस चालू राहिलाय!”

“मी दोनदा बघून निघालेय. आणि तू ऑफिसात ना? तुला कसं कळलं?”

“... वास आला.”

“ऑफिसात?”

आत हशा पिकला. आई म्हणाली, “खरं सांग, काय सापडत नाहीये? कात्री का? मधल्या खणात आहे. वरच्या नाही, मधल्या! आणि डबा खा.” फोन बंद.

मी परत आलो, तर साहेब डोळे पुसत होते. “कुठे होतात तुम्ही? आयुष्यातली संधी घालवलीत! त्या मुलाचा फोन आला होता!”

“अरेरे,” मी म्हणालो.

“आवाज ओळखीचा वाटला मला,” मॅडम माझ्याकडे बघत म्हणाल्या.

“असे आवाज पुष्कळ असतात,” मी विहिरीतून आल्यासारख्या खर्जात म्हणालो. हा फार मोठा गाढवपणा झाला. आता दिवसभर तोच आवाज ठेवणं भाग होतं!

“घसा बसला का तुझा?”

“पाणी गार होतं,” मी विहिरीतून उत्तर दिलं.

आत आईची गाडी सुटली होती. “आता मोज्यांचं सांगते. जोड्या हरवतात म्हणून मी प्रत्येक जोडी चिमट्याने बांधून खणात ठेवते. तरी हा चिमटा काढून एकच मोजा उचलतो! दुसरा भलताच! आज सकाळीसुद्धा मी सांगत राहिले आणि हा एक पांढरा, एक निळा घालून गेला. निळ्याचा जोडीदार तर मला आठवड्याभरात दिसला नाही.”

मी हळूच खाली बघितलं.

एक पांढरा. एक निळा.

दोन्ही पाय मी खुर्चीखाली घेतले. शेपटी असती तर तीही घेतली असती.

“असा माणूस प्रत्यक्ष बघायला मिळायला हवा हो!” साहेब माझ्या शेजारी बसून हळहळले. मग त्यांनी एक चिठ्ठी खरडली. आतल्यांना काही विचारायचं असलं की अशी चिठ्ठी ताईंकडे पाठवतात. त्यावर लिहिलं होतं, ‘हा मुलगा कामधंदा काय करतो?’

“जा, देऊन ये,” मॅडम मला म्हणाल्या. “आणि तो नव्या चिमट्यांच्या चित्रांचा पुठ्ठाही आत ने.”

“मी? माझा घसा...”

“पुठ्ठा घशाने न्यायचाय का?”

पुठ्ठा चांगला कपाटाच्या दाराएवढा होता. मला एकदम हुरूप आला. पुठ्ठ्याआड लपून जायचं, चिठ्ठी टाकायची, उलट्या पावली परत! मी पुठ्ठा तोंडासमोर धरला, दार ढकललं आणि आत शिरलो. गप्पा थांबल्या. वाटेत दोनदा टेबल आणि एकदा नर्स लागली. पुठ्ठ्याच्या कडेवरून हात काढून मी चिठ्ठी पुढे केली. कुणीतरी घेतली. झालं! मी मागे सरकू लागलो.

“थांबा,” आई म्हणाली.

पुठ्ठा थांबला.

“ताई, या पुठ्ठ्याखाली बघा.”

सगळ्यांनी बघितलं. त्या पांढऱ्याशुभ्र गालिच्यावर पांढरा मोजा दिसतच नव्हता. निळा मात्र असा दिसत होता, जसा पाटावर ठेवून ओवाळायला घेतलाय!

“हा मोजा माझ्या घरचा आहे!” आई म्हणाली. “टाचेला मीच टाका घातलाय. हिरव्या दोऱ्याचा. निळा नव्हता तेव्हा.”

मी पुठ्ठ्यामागून खर्जात म्हणालो, “असे मोजे पुष्कळ असतात.”

“आवाजाला काय झालं रे तुझ्या? आणि हे काय धरलंयस? खाली ठेव, हात दुखतील.”

मी पुठ्ठा खाली ठेवला.

शिक्षिका किंचाळली, “अय्या! टॉवेलवाला!”

“हाच तो?” केकवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या. “फोटोत बारीक वाटतो!”

फोटोत? नर्सने फोन माझ्यासमोर धरला. पिवळ्या फुलाच्या पोस्टखाली फोटो होते. माझी गादी, माझा टॉवेल, माझी खुर्ची! एका फोटोत मी पाठमोरा, हेडफोन लावून, लाखो लोकांचं ऐकत बसलेला. शर्टाच्या कॉलरला मागे एक चिमटा. त्यात चिठ्ठी, ‘दूध आण.’ फोटोखाली हजारो हसरे चेहरे. मी तो शर्ट घालून ऑफिसला गेलो होतो. दूधही आणलं नव्हतं.

फोटो बघणं बंद ठेवणाऱ्या त्या बुद्धिमान माणसाची मला फार आठवण आली.

“दादा, एक सेल्फी!” असं म्हणत तिघी जणी मला चिकटतात न चिकटतात, तोच दार उघडलं आणि मॅडम आत आल्या. मागे साहेब. मॅडमच्या हातात माणसं जमवणाऱ्या बाईंचा कागद होता.

“या तुझ्या कोण?” त्यांनी मला विचारलं.

“आई,” मी माझ्या खऱ्या आवाजात म्हणालो. इतक्या वेळाने तो फाटकाच निघाला.

साहेब मटकन खुर्चीत बसले. “संपलं! काकांना कळणारच. संशोधन करणाऱ्याचीच आई! कारखाना गेला!”

मॅडम आईकडे वळल्या. “बाई, तुम्हाला फोनवर स्पष्ट विचारलं होतं. घरात कुणी बाजार-संशोधनात काम करतं का? तुम्ही ‘नाही’ म्हणालात. का?”

“कारण नाही करत,” आई म्हणाली.

“अहो, हा करतो ना!”

“हा?” आईने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पहिल्यांदाच परीक्षेत पहिला आलोय आणि पेपर दुसऱ्याचा आहे. “हा तिकडे काम करतो? मला वाटलं, नुसता जातो.”

“नुसता जातो म्हणजे?”

“अहो, याच्या कार्डावर लिहिलंय की! दाखव रे.”

मी खिशातून चुरगळलेलं कार्ड काढलं. आईने ते मॅडमच्या हातात ठेवलं. “हे बघा. ‘पाहुणा’. इतके महिने मी हे धुवायच्या शर्टातून काढून ठेवतेय. मी म्हटलं, आपण कशाला विचारून त्याला वाईट वाटू द्यायचं? बोलावत असतील बिचारे. पाहुण्याला कुणी काम लावतं का? तो काम करतो असं सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं. मी खोटं बोलत नाही.”

मॅडम कार्डाकडे बघत राहिल्या. मग मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, मॅडमच्या चेहऱ्यावर विचार येताना. फार सावकाश आला, पण आला.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “बाईंचं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे! हा आमच्याकडे काम करत नाही!”

“मॅडम!” मी ओरडलो.

“तू कायम झालायस?”

“तुम्ही म्हणाला होतात, काम झालं की... म्हणजे आज संध्याकाळी...”

“संध्याकाळ झालीय?”

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

“म्हणजे या घरात बाजार-संशोधनात काम करणारं कुणी नाही. काकांना सांगा, हा पाहुणा आहे. कार्ड आहे, रखवालदाराची वही आहे, रोजची नोंद आहे!”

साहेबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. “पण पुढेही तसंच राहायला हवं. हे संशोधन वर्षभर चालणार. यांना दर महिन्याला बोलवावं लागेल. मधेच हा कायम झाला तर?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. बायका, मॅडम, साहेब आणि आई. आरशातून मीसुद्धा.

साहेब हळूच म्हणाले, “कारखान्यात दीडशे माणसं आहेत हो.”

आता यावर माणूस काय बोलणार? “राहतो पाहुणा,” मी म्हणालो.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी पर्सची चेन उघडली, फोटोचं कार्ड काढलं, एकदा बघितलं आणि आतल्या कप्प्यात ठेवलं. त्या कप्प्यालाही चेन होती!

“पगार मात्र पुरा देऊ,” त्या म्हणाल्या. “पाहुणचार म्हणून.”

तर सध्याची परिस्थिती अशी. साहेबांचा ‘घरभर चिमटा’ बाजारात आलाय आणि तुफान चाललाय. काकांनीही दोन डबे नेले. आईला साहेबांनी ‘युक्ती सल्लागार’ नेमलंय आणि तिला गळ्यात घालायला कार्ड दिलंय. फोटोसकट! कारखान्याच्या दारातला रखवालदार तिला सलाम करतो. ‘कुणाला भेटायचंय?’ असं तिला कुणी विचारत नाही.

माझ्या कार्डाला तिने पिवळा चिमटा लावून दिला. छान बसलाय. आमचा रखवालदार म्हणाला, “आता कसं, घरचे वाटता!” आणि वहीत नाव लिहून घेतलं.

आईचा फोनवरचा आवाज मी चालू केलाय. शिवाय कानमध्ये पिवळ्या फुलासाठी खास इशारा लावलाय, म्हणजे घरात काय चाललंय ते कळत राहतं. परवा मी खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो, तेवढ्यात लाल दिवा लागला. आई फोन हातात धरून दारातच उभी होती.

“काय म्हणतोय तुझा कान?”

“तू रागावलीयस म्हणतोय. ब्याऐंशी टक्के.”

“उरलेले अठरा कशाला सोडले? उचल तो टॉवेल!”

मी उठलो. गादीवरचा टॉवेल उचलला. खाली दुसरा निळा मोजा होता.

याचा आलेख काढायचा राहिलाय.